डावा दोरा

४ एप्रिल, शुक्रवार

घरात आम्ही उर्दू बोलतो, पण ही वही मराठीत, घरचं बोलणंही मराठीत करूनच लिहिते. शाळा मराठीतून झाली हे एक कारण. दुसरं कारण असं की अम्मीला मराठी वाचता येत नाही. वाचता आलं तर म्हणेल, एवढी काळजी करणारी पोरगी कुणाच्या घरात नांदणार.

आज काळजीला नवीन काम मिळालं. कहकशाचा निकाह सत्तावीस तारखेला ठरला. कहकशा म्हणजे कलीमचाचांची मुलगी, माझ्याहून वर्षानं लहान. सासर हसनाबादचं. आमच्या गल्लीतली प्रत्येक मुलगी सासरी गेली ती अब्बांच्या फियाटमधून. मोतिया रंगाची, अब्बांच्या मिशा फुटायच्या आधीची गाडी. वऱ्हाडाच्या मोठमोठ्या गाड्या दारात उभ्या असल्या तरी नवरी फियाटमध्येच बसते आणि चालवतात अब्बाच. नवरी बसली की गाडी मागं घ्यायची नाही, असा रिवाज आहे. म्हणून आदल्या दिवशीच गाडीचं तोंड रस्त्याकडं करून ठेवतात.

जुम्म्याच्या नमाजनंतर अब्बा भोकरदनला जाऊन आले. आल्यावर चावी माझ्या हातात दिली.

"फरू, गाडी डावीकडं वढून राह्यली. चाकांचं अलाइनमेंट काढावं लागंल."

"भोकरदनला मशीन आहे ना, अब्बा."

"तिथंच गेल्तो. त्या पोराचे चिमटे जुन्या रिमला बसंनात. वरून म्हन्तो, चाचा, कॉम्प्युटरात ही गाडीच न्हाई. मी म्हन्लं, बेटा, ही गाडी आली तवा कॉम्प्युटरच नव्हता." हसले. मग म्हणाले, "या वेळी तूच कर. माझे गुडघे खाली बसू देत न्हाईत."

मी हो म्हटलं.

माझी पहिली शाळा म्हणजे आमच्या अंगणातलं हे गॅरेज. अंक मी पान्यांवरून शिकले. पहिलीत बाईंनी विचारलं, दहानंतर काय? मी म्हटलं, अकरा, त्याच पान्याच्या दुसऱ्या टोकाला. वर्ग हसला, पण बाईंनी घरी निरोप पाठवला की मुलीला येतं आहे. तेव्हापासून अब्बांच्या शेजारी बसून सगळं पाहिलं, बॅटरी धरली, नट आवळले. पण आवळलेला प्रत्येक नट अब्बा पुन्हा तपासत. शेवटचा हात त्यांचा असायचा. या वेळी शेवटचा हात माझा, आणि त्या गाडीत कहकशा बसणार.

६ एप्रिल, रविवार

गाडी अंगणात घेतली. फाटक अरुंद आहे, मी दोनदा उतरून पाहिलं. रमजानच्या आधी अब्बांनी या फाटकाचा एकच खांब चुन्यानं रंगवला, बाहेर पडताना डाव्या हाताला येतो तो. उजवा तसाच काळा राहिला. चुना संपला म्हणाले. ईदला आलेले पाहुणे हसले. अर्धवट काम अब्बांचं नव्हे, पण रोज्यात कोण कुणाला बोलणार.

पुढची चाकं पाहिली. डाव्या टायरची बाहेरची कड खरवडलेली आहे, जणू किसणीवर घासली आहे. उजवा टायर स्वच्छ. म्हणजे अब्बांचं म्हणणं खरं. गाडी डावीकडं जाते आहे आणि डावं चाक त्याची शिक्षा भोगतं आहे. पुरावा सापडल्यावर जरा बरं वाटलं.

आज बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग सगळं हलवून पाहिलं. कुठेही ढिलं नाही. दोन्ही टायरची हवा सारखी केली. ब्रेक कुठलं चाक धरत नाही ना तेही पाहिलं. ढिल्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे नाचणाऱ्या माणसाचं माप घेणं, असं अब्बा म्हणतात.

७ एप्रिल, सोमवार

दोरे बांधले. पद्धत अब्बांचीच आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना, पुढं आणि मागं, विटांवर पाइप आडवे ठेवायचे आणि त्यांच्यामधून चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर दोरा ताणायचा. दोन्ही दोरे एकमेकांशी आणि गाडीशी समांतर झाले पाहिजेत. मग दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर घ्यायचं, मग मागच्या कडेचं. चाक आत वळलं आहे की बाहेर, ते पट्टी सांगते. मापाआधी गाडी थोडी पुढं ढकलायची. मागं ढकलली तर सांध्यांमधली फट उलट्या बाजूला जाते आणि माप खोटं येतं.

चाक उभं सरळ आहे का हे बघायला ओळंबा लागतो. तो समोरच्या दुर्गाबाईंकडून आणला, त्यांचे मालक गवंडी आहेत. दुर्गाबाईंनी ओळंबा दिला पण सोबत टोमणाही दिला.

"तुझे अब्बा लई मोठे झाले गं आता."

"काय झालं, मावशी?"

"परवा माझ्या एवढं जवळून गेले. मी म्हन्लं, राम राम मिस्त्री. मान सुद्धा वळवली न्हाई. लग्नघर झालं म्हनून काय शेजार दिसंना का?"

घरी येऊन अब्बांना विचारलं. "कवा? मला तर दुर्गाबाई दिसल्याच न्हाईत," म्हणाले, आणि लगेच उठून त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. दहा मिनिटं दोघांचं हसणं ऐकू येत होतं.

मापं घेतली. दोन्ही चाकं सारखी. पुन्हा घेतली, सारखीच. ओळंब्यानंही तेच. काहीतरी चुकतंय. माझंच चुकतंय.

९ एप्रिल, बुधवार

तिसऱ्यांदा दोरे सोडून नव्यानं बांधले. माप तेच आलं. अब्बांना सांगितलं की पट्टीनं गाडी बरोबर आहे.

अब्बा गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. उतरताना अंगणातल्या पाण्याच्या ड्रमला डावी मांडी लागली, पाणी सांडलं. "हा ड्रम कुनी इथं आनला?" ड्रम मी जन्मल्यापासून तिथंच आहे. अब्बा थकलेले दिसले.

"वढती, बेटा. जास्तच वढती."

"पण पट्टी म्हणते..."

"पट्टीला रस्ता ठावं हाये का?" अब्बा रागावले नाहीत, समजावत होते. "चालवनाऱ्याचा हात आधी, पट्टी नंतर. गिऱ्हाइकाला कधी म्हन्लं का मी, की तुझा हात खोटा? तो म्हन्ला आवाज येतो, तर आवाज येतो. आपुन शोधायचा."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते दर वेळी खरं ठरलं आहे. धावड्याचे एक मास्तर महिनाभर म्हणत होते, गिअर टाकताना काहीतरी कुजबुजतं. सगळ्या मिस्त्र्यांनी हसून घालवलं. अब्बांनी गिअरबॉक्स उघडला तर आत बेअरिंग तडकलेलं.

मग पट्टी आणि अब्बा यांच्यात कुणाचं ऐकायचं, हा प्रश्नच नव्हता. उजवं चाक धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, आर्मच्या, मुळाशी पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. त्यांच्या कमी-जास्तीनं चाकाचा माथा आत-बाहेर होतो. उजव्या चाकाचा माथा किंचित बाहेर काढला तर गाडी उजवीकडं ओढेल आणि डावी ओढ मरेल. पट्टीप्रमाणं हे चूक आहे. चालवणाऱ्याच्या हाताप्रमाणं बरोबर.

रात्री जेवताना अम्मी म्हणाली, "ताटात काय शिम शोधतेस का?"

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी आनंद आणि दुपारी उलटं. क्रमानं लिहिते.

शिम बदलल्या, मग चाकं वळवणारे टाय रॉड पुन्हा लावले, कारण एक हललं की दुसरं हलतं. अब्बा चक्कर मारून आले. खिडकीतूनच म्हणाले, "आता जराशी बरी हाये. बराबर हाताला आली." मी अंगणातच बसले. हात काळे होते म्हणून दुपट्ट्यानं डोळे पुसता येईनात. अम्मीनं तिच्या पदरानं पुसले.

तेवढ्यात संघपाल आला. संघपाल जाफराबाद-भोकरदन जीप चालवतो, त्याची जीप अब्बांच्या हातची आहे. परवा जयंती. मिरवणुकीचं सामान आणायला भोकरदनला जायचं होतं आणि जीप पाहुण्यांनी भरलेली. अब्बांनी फियाट दिली. कुणाला देत नाहीत, त्याला दिली.

दोन तासांनी तो आला तो हॉर्न वाजवतच.

"ताई, गाडी काय पिऊन आल्ती का आज?"

"काय झालं?"

"उजवीकडं पळून राह्यली! समोरून एसटी, आन ही म्हन्ते चल, तिची गळाभेट घेऊ. दोन्ही हातानं धरली तवा वळली. एसटीवाला खिडकीतून असा बोलला, असा बोलला, की ते सांगायला मला आधी तुझी माफी मागावी लागंल."

अब्बा शेजारी होते. म्हणाले, "तुला जीपची सवय, संघपाल. हलका हात लागतो हिला."

"मिस्त्री, हीच गाडी मी तुमच्यासंगं जालन्याला चालवत नेल्ती. तवा दोन बोटांवर चालायची."

संघपाल गेला. मी त्याला एसटीखाली घालणार होते. मी, माझ्या हातानं, पट्टी खरं सांगत असताना. हे इथं लिहून ठेवते कारण अजून कुणाला बोलले नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आज सगळं गाव रस्त्यावर. मिरवणुकीत संघपाल निळा फेटा बांधून पुढं होता. मला पाहून ओरडला, "ताई, आज गाडी बंद! आज पायी चाललो, म्हनून सरळ चाललो!" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन हात धुतले. पुन्हा धुतले.

१६ एप्रिल, बुधवार

काल शिम होत्या तशा परत घातल्या. दोरे बांधले, पट्टी सारखी आली.

आज पहाटे फजरच्या नमाजनंतर मीच गाडी घेऊन भोकरदन रोडला गेले. लायसन्स आहे, धावड्याला मामांकडं दोनदा चालवत गेलेही आहे, तरी अम्मी फाटकापर्यंत दुआ पुटपुटत आली. सपाट रस्ता पाहून, मागं-पुढं कुणी नाही हे बघून, स्टिअरिंगवरचे हात उचलले. फक्त बोटभर वर. गाडी बाण सुटल्यासारखी सरळ गेली. येतानाही सरळ.

संघपालचं खरं निघालं, पट्टीचंही. मग अब्बांचा हात?

नाही. माझ्या ध्यानात आलं की अब्बांचं वजन माझ्याहून पुष्कळ जास्त आहे. ते बसले की उजवी बाजू खाली जात असेल, काहीतरी फरक पडत असेल. अम्मीला विचारलं, अब्बांचं वजन किती?

"का?"

"त्यांच्या सीटवर तेवढं सोयाबीन ठेवून माप घेते."

"या अल्ला! बापाला पोत्यानं मोजते ही!" अम्मी एवढी हसली की तव्यावरची रोटी करपली. पण पोती उचलू लागली. पोती ठेवली, माप घेतलं. फरक पडला तो इतका थोडा की त्यानं गाडी ओढणार नाही.

आता शोधायला काही उरलं नाही. म्हणजे मला शोधता येत नाही. परवा अब्बांच्या शेजारी बसून जाईन आणि रस्त्यावर बघेन.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी लवकर निघालो. अब्बा नेहमीसारखे, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गावाबाहेर पडेपर्यंत मी पुढच्या चाकाच्या आवाजाकडं कान लावून होते. सरळ रस्ता आला तशी मी अब्बांच्या हातांकडं बघायला लागले. म्हटलं, गाडी ओढत असेल तर हातांना ताण दिसेल.

ताण नव्हता. हात सैल होते. आणि त्या सैल हातांनी गाडी हळूहळू डांबराच्या काठाकडं जात होती. अब्बा समोर बघत होते. काठ जवळ आला, आणखी जवळ आला, डावी चाकं साइडपट्टीवर उतरली आणि खडी उडाली. तेव्हा दचकून त्यांनी गाडी वर घेतली.

"बघ! वढली का न्हाई?"

टायरची ती खरवडलेली कड डोळ्यांपुढं आली. ती डांबराच्या काठानं खरवडली होती.

पुढं एक बाई शेळ्या घेऊन चालली होती, रस्त्याच्या डाव्या कडेनं. मला लांबून दिसली. मी वाट पाहिली. आता अब्बा हॉर्न देतील, आता बाजूनं घेतील. गाडी पुन्हा डावीकडं सरकायला लागली. अब्बांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"अब्बा!" मी ओरडले आणि स्टिअरिंगला हात घातला.

गाडी थांबली. मागून ती बाई शिव्या देत होती. अब्बांनी इंजिन बंद केलं.

"शेळी होती का?"

"बाई होती, अब्बा."

"ऊन आलं डोळ्यावर," म्हणाले.

ऊन आमच्या पाठीशी होतं.

परत मी चालवत आले. त्यांनी चावी मागितली नाही, मीही विचारलं नाही. घरी अम्मीनं विचारलं, गाडी कशी आहे? दोघंही एकदमच म्हणालो, बघू.

१९ एप्रिल, शनिवार

दुर्गाबाई. ड्रम. काय-काय आठवतं आहे आणि तेव्हा मी काय-काय समजत होते. गेले कित्येक महिने बाजारात अब्बा अम्मीला डाव्या हाताला घेऊन चालतात, मला वाटायचं किती जपतात तिला. पाने सगळे उजवीकडं मांडून मागतात. मला वाटायचं, म्हातारपणचा हट्ट.

आज कलीमचाचा येऊन गेले. "गाडी झाली का, फरहीन?" मी म्हटलं, होतेय. हे खोटं आहे. गाडी झालेली आहे.

गाडी झाली म्हटलं तर सत्तावीसला अब्बा कहकशाला घेऊन निघतील आणि डावी बाजू त्यांना दिसत नसेल. गाडी झाली नाही म्हटलं तर कहकशा दुसऱ्या गाडीतून जाईल, ती वाचेल. पण गाडीवर खोटा आळ येईल, आणि अब्बा परवापासून पुन्हा एकटेच भोकरदन रोडला जातील, मी कशी पुन्हा पुन्हा चुकते ते शोधत. दुसरा रस्ता सोपा आहे. दिवसभर तोच घ्यावासा वाटत होता.

पण सांगणार कसं? ज्यानं मला दहा-अकरा शिकवलं त्याला म्हणू, तुमचा हात खोटा?

२० एप्रिल, रविवार

अम्मी लग्नघरी गेली होती. मी सकाळीच दोरे बांधले, नेहमीपेक्षा लांब, गाडीच्या मागं खूप बाहेर येतील असे. अब्बांना हाक मारली.

"शेवटचं एकदा बघता का, अब्बा?"

ते गाडीच्या मागं पाटावर बसले. असेच बसायचे ते, दोऱ्याच्या उंचीवर डोळे आणून, आणि दोन्ही दोरे एका नजरेत घेऊन सांगायचे, उजवा ताण, डावा सोड. दोन्ही दोरे त्यांच्या दोन खांद्यांच्या बाहेरून पुढं जात होते.

"मान हलवायची नाही. नंबर प्लेटकडं बघा. मी दोरा छेडते, हालला की सांगा."

"हे काय नवीन?"

"बघा ना."

उजवा छेडला. "हालला," म्हणाले. पुन्हा छेडला. "हालला."

डावा छेडला. पांढरा दोरा थरथरत राहिला, मला त्याचा बारीक आवाजसुद्धा ऐकू येत होता. अब्बा नंबर प्लेटकडं बघत बसले होते. पुन्हा छेडला, जोरात.

"छेड की डावा," अब्बा म्हणाले.

"छेडला, अब्बा."

"सैल बांधला असंल."

त्यांनी मान न वळवता डावा हात बाजूला नेला. हात हवेत चाचपत गेला, दोरा हाताला लागला. बोटानं ओढून सोडला.

"हा तर ताणलेला हाये," म्हणाले. मग पुन्हा एकदा ओढून सोडला. मग दोऱ्यावर हात ठेवूनच बसले.

समोर दुर्गाबाईंच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"गाडी बराबर हाये?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"पट्टीनं?"

"पट्टीनं. आणि हातानं पण. मी चालवून पाहिली."

अब्बांनी शर्टाच्या खिशातून दुसरी चावी काढली, जी ते कधी कुणाला देत नाहीत, आणि डिकीवर ठेवली. गुडघ्याला हात देऊन उठले. मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. दोन पावलं गेल्यावर थांबून मागं हात केला. तेव्हा मी धरला.

२२ एप्रिल, मंगळवार

जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, यात दुखत नाही, कडेची नजर हळूहळू जाते, गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची. गाडी चालवायची नाही. अब्बा म्हणाले, "तिनं सांगितलंय मला," आणि माझ्याकडं बोट दाखवलं. डॉक्टरांना वाटलं मी नर्स आहे.

येताना बसमध्ये अम्मी खिडकीकडं तोंड करून रडली. अब्बा तिच्या उजव्या बाजूला बसले होते, त्यांना ती दिसत नव्हती. पण त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

संध्याकाळी चाचांकडं गेलो. नवरीची गाडी फरू चालवेल, असं अब्बांनी सांगताच चाचा उसळले.

"पोरगी चालवणार? नवरीची गाडी? गल्लीत मी तोंड काय दाखवू? संघपालला सांगू."

"संघपाल पाहुन्यांची जीप चालवनार," अब्बा म्हणाले. "आन ही गाडी हिनं बांधलीय, कलीम. ज्यानं बांधली त्यानंच चालवावी."

"पण लोक..."

कहकशा आतून आली. मेंदीचा कोन हातात. "अब्बा, तुम्ही काळजी करू नका. फरहीन न्हाई तर मी एसटीनं जाते. बायांना अर्धं तिकीट हाये."

चाची हसली. चाचांना हसायचं नव्हतं, पण हसले.

मला कुणी विचारलंच नाही की तुला चालेल का. मी वाटभर नकार देण्याची तयारी केली आणि घरी येऊन नट तपासायला घेतले.

२८ एप्रिल, सोमवार

काल कहकशा गेली.

आदल्या दिवशी गाडी तोंड बाहेर करून लावली, धुतली, झेंडूच्या माळा बांधल्या. चाकांचे नट तपासले. अब्बांनी पुन्हा तपासले नाहीत. मी म्हटलं, बघता का? "बघितले ना तू," म्हणाले.

कहकशा आणि नवरामुलगा मागं बसले, सोबत त्याची बहीण. पुढं माझ्या शेजारी अब्बा, नवा सदरा, टोपी. गल्लीतली माणसं आधी कहकशाकडं बघत होती, मग माझ्याकडं, मग अब्बा कोणत्या बाजूला बसलेत त्याकडं. दुर्गाबाई खिडकीशी वाकून म्हणाल्या, "मिस्त्री, राम राम." अब्बांनी पूर्ण मान वळवून राम राम केला.

मी गाडी पुढं घेतली. मागं घ्यावी लागली नाही.

भोकरदनपर्यंत कहकशा रडत होती. अब्बा समोर बघत होते. त्यांच्या बाजूला काय-काय आलं ते मी बघत होते, सायकलवाला, कापसाचा रिकामा ट्रक, कुत्रं. हसनाबादच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "वढती का कुठं?"

"न्हाई, अब्बा."

"हात सोडून बघ जरा."

"नवरी बसलीय, अब्बा."

मागून कहकशाचं रडणं एकदम थांबलं. "सोडू नको गे बाई!"

सगळे हसले. नवरामुलगा पहिल्यांदाच हसला, तोपर्यंत तो दाराची कडी धरून बसला होता. अब्बाही हसले. मग ते सीटला टेकून बसले. मी त्यांना गाडीत टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

३० एप्रिल, बुधवार

दोरे गुंडाळले, पाइप जागेवर ठेवले, ओळंबा परत दिला. विटा ठेवायला जिन्याखालची जागा आवरली तर मागं एक गोणपाट, त्याखाली चुन्याची पिशवी. रमजानच्या आधी आणलेली. अर्ध्याहून जास्त भरलेली.

म्हणजे चुना संपला नव्हता; बाहेर पडताना डाव्या हाताचा खांब तेवढा अब्बांना दिसायला हवा होता. मग बादलीत चुना भिजवला, जुना ब्रश घेतला आणि फाटकाचा उजवा खांब रंगवायला लागले.

अब्बा दारात खुर्चीवर होते.

"काय करून राह्यली?"

"चुना सापडला, अब्बा."

ब्रश फिरवत राहिले. मागं वळले नाही. खांब ओला असताना करडा दिसत होता, खालची काळी वीट अजून कळत होती.

अब्बा म्हणाले, "दोन हात मार. एका हातात झाकत न्हाई."